पहिली नऊ मिनिटं

पेडगावात कुणी वाल्मीक हरकळ कुठं राहतात म्हणून विचारलं, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पेटीवाला म्हटलं की मात्र शाळेतलं लेकरूसुद्धा घरापर्यंत आणून सोडतं. वय अठ्ठावन्न, रान चार एकर, दारात एक म्हैस, घरात झुंबरबाई नावाची बायको, जिच्या जिभेला हाड नाही पण मनात पापही नाही, आणि आतल्या खोलीत कापडात गुंडाळलेली पेटी. अठराव्या वर्षी हा माणूस गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसला आणि चाळीस वर्षं झाली तरी उठलेला नाही.

मंडळात पेटीवाल्याची जागा मोठी चमत्कारिक. त्याच्यावाचून अडतं आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी हार पडतात ते गाणाऱ्याच्या गळ्यात, नाहीतर मृदंगावरच्या लिंबाजीच्या. लिंबाजी रंगात येऊन एकटाच वाजवायला लागला की वाल्मीकनं एक ओळ धरायची आणि तीच फिरवत राहायची, दहा मिनिटं, वीस मिनिटं. याला लहरा म्हणतात. त्या ओळीवर लिंबाजी उड्या मारणार, कोलांट्या घेणार आणि बरोबर समेवर येऊन टेकणार. लोक माना डोलावणार त्या लिंबाजीला. लहरा धरणाऱ्याचं कौतुक कोण करतो? तो चुकला तरच त्याची आठवण व्हायची, आणि वाल्मीक चुकत नव्हता.

त्याच्याकडं आणखी एक कसब होतं, लय चढवायचं. इकडचं भजन संथ सुरू होतं, पण संथच संपलं तर लोक म्हणतात, थंड गेलं. मंडळाची ती नाचक्कीच. म्हणून शेवटाकडं लय चढवत न्यायची. मग टाळ्या पडायला लागतात, माणसं आधी बसल्या जागी डोलतात आणि मग उभी राहतात. बैठक जरा गार पडली, कुणी जांभई दिली, कुणी चप्पल शोधायला उठलं, की वाल्मीकला ते सगळ्यांच्या आधी कळायचं आणि त्याचा हात आपोआप पुढं सरकायचा. लय कधी चढली हे खुद्द लिंबाजीला मागाहून कळायचं. या एका गोष्टीचा वाल्मीकला मनातल्या मनात फार अभिमान होता, आणि त्यानंच पुढं घात केला.

त्याची बहीण राजेश्री मानवतला दिलेली. मेव्हणा जिनिंगवर कापूस मोजून घेतो. त्यांची एकुलती एक लेक अर्पिता. पोरगी पुण्याला शिकायला गेली, बी.कॉम. झाली आणि बी.कॉम.च्या जोडीला नाच शिकली. नाच म्हणजे वरातीतला नाही, लावणीतला तर नाहीच नाही. बॅले, आणि त्यातही आताच्या काळातला, नव्या धाटणीचा. राजेश्रीनं पहिली दोन वर्षं शेजारणींना काही पत्ताच लागू दिला नाही. "कोर्स करायलीय" एवढंच सांगायची. कसला कोर्स असं कुणी विचारलंच, तर तिला चुलीवर काहीतरी करपल्याचा वास यायचा.

गेल्याच्या आदल्या डिसेंबरात, तुरी वाळायला लागल्या तेव्हा, ही अर्पिता न कळवता मामाच्या दारात येऊन उभी राहिली. बरोबर नीलम, मूळची नांदेडची, पुण्यात तिच्याच खोलीत राहणारी, पाठीवर व्हायोलिनची पेटी.

"मामा, एक काम हाय. तुमच्याबिगर व्हनार न्हाई," अर्पिता म्हणाली.

"पैल्यांदा पानी तर पी," झुंबरबाई म्हणाली. "काम कुटं पळून चाललंय?"

काम असं होतं. बंगळूरला नाचाची एक संस्था आहे. ती दर वर्षी देशातून दोघांना निवडते, दोन वर्षं जवळ ठेवून शिकवते आणि मग आपल्याबरोबर जगभरच्या मंचांवर नेते. अट अशी की स्वतः बसवलेला बारा मिनिटांचा नाच आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांपुढं करून दाखवायचा. संगीत समोर बसून वाजवलेलं पाहिजे, रेकॉर्ड लावायची नाही, आणि वाजवणाऱ्यांतला निदान एक जण तिथल्या मातीतला असावा. दुसरी अट वयाची. पंचविसावं लागलं की दार बंद. अर्पिताला पंचविसावं श्रावणात लागणार होतं. म्हणजे ही खेप चुकली तर पुढची नव्हती, हे तिनं मामाला त्याच दिवशी ओट्यावर बसून सरळ सांगितलं.

मग तिनं त्याला ते संगीत ऐकवलं. युरोपातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. बरोक म्हणतात त्याला, ती म्हणाली. वाल्मीकनं डोळे मिटले. वर व्हायोलिन काहीतरी विणत होती, त्यात त्याचं लक्षच गेलं नाही. तो खालचं ऐकत होता. खाली चार स्वर एकामागून एक उतरत होते, तळाशी जात होते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"हे थांबव," तो म्हणाला. "खाली हे जे चाललंय, सा, कोमल नी, कोमल ध, प... हे असंच फिरनार हाय का शेवटपत्तुर?"

"शेवटपर्यंत, मामा."

"एकेका सुरावर तीन मात्रा. तीन चोक बारा." त्यानं बोटांवर मोजलं. "अगं माय, ह्यो तर लहरा हाय!"

नीलम हसायला लागली, पण अर्पिता हसली नाही. ती म्हणाली, "म्हनून तर तुमच्याकडं आले. पुन्यात पियानोवाले लई मिळतेत. पन एकच ओळ बारा मिनिटं धरून बसनारा मानूस मी एकच बघितलाय."

वाल्मीकच्या आयुष्यात असं वाक्य त्याला आधी कुणी ऐकवलं नव्हतं. तो उठून उगीच म्हशीला पेंढी टाकायला गेला.

तालीम सुरू झाली. शाळेच्या मोठ्या खोलीत, दुपारची शाळा सुटल्यावर. वाल्मीकची जन्माची सवय काळी दोनची, या पोरींना सा पाहिजे होता पांढरी दोनचा, म्हणजे खालच्या सप्तकात पांढरी दोन, पांढरी एक, काळी पाच, पांढरी सहा. चार पट्ट्या. पोर शिकलं असतं दोन मिनिटांत. पण त्या चार पट्ट्या दाबताना भाता सारखा राहिला पाहिजे, सूर कुठं फुगता कामा नये, कुठं बसता कामा नये, आणि लय तसूभर हलता कामा नये. नीलमची व्हायोलिन वर भटकायला मोकळी होती, अर्पिताचं अंग मोकळं होतं, मोकळा नव्हता तो एकटा वाल्मीक. त्याला ते फार आवडलं. तुरी काढायचं काम त्यानं झुंबरबाईच्या गळ्यात टाकलं आणि रोज तीनच्या ठोक्याला पेटी खांद्यावर घेऊन निघायचा.

"ह्या नाचाची गोष्ट काय हाय?" त्यानं एकदा विचारलं.

"गोष्ट न्हाई मामा. एक बाई खाली बसलेली हाय. ती उभी ऱ्हाते."

"एवढंच?"

"एवढंच. पैल्या नऊ मिनिटांत ती नऊ वेळा उठायला बघते आन बसते. शेवटच्या तीन मिनिटांत उठते. एका पायावर, चवड्यावर, लई सावकाश. तुमच्या चार सुरांवर माझा भार हाय. तुमी हलले की मी पडले."

झुंबरबाई तिथं चहाची किटली घेऊन आली होती. ती म्हणाली, "उभं ऱ्हायला तीन मिनिटं? दिवसभर तुरी कापून ये, मंग बघ, मला धा लागतेत." सगळे हसले. पण मग अर्पितानं ती शेवटची तीन मिनिटं करून दाखवली, आणि झुंबरबाई किटली हातात धरून तशीच उभी राहिली. चहा गार झाला. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "पोरगी उटताना मला माज्या कमरंत कळायलतं."

सहा आठवडे हे चाललं. या सहा आठवड्यांत वाल्मीकच्या हातून एकदाही लय हलली नाही. अर्पिता पायाला पट्ट्या बांधून, घाम पुसत 'पुन्हा' असं म्हणायची, आणि तो पुन्हा पहिल्या सुरावर यायचा. नीलम घड्याळ लावून बघायची, बारा मिनिटांत दोन सेकंदांचासुद्धा फरक पडत नसे. ती म्हणायची, "मामा, तुमच्या पोटात घड्याळ आहे का?" वाल्मीक लाजायचा.

फेब्रुवारीत परभणीच्या सभागृहात कार्यक्रम झाला. संध्याकाळी पाचची वेळ. पेडगावातून दोन जीप भरून माणसं आली, मानवतहून राजेश्रीच्या घरची आली. आता तिला लपवायचं काही उरलं नव्हतं, उलट ती सगळ्यांना पुढच्या खुर्च्या दाखवत फिरत होती. तिसऱ्या रांगेत कडेला बंगळूरच्या बाई बसल्या. साठीच्या, केस बारीक कापलेले, मांडीवर वही. भजनी मंडळ आख्खं दुसऱ्या रांगेत, मधोमध लिंबाजी, पांढरा फेटा बांधून.

दिवे उतरले. अर्पिता मंचाच्या मधोमध गुडघ्यात डोकं घालून बसली. वाल्मीकनं पहिला सूर लावला.

नाच सुरेख चालला होता. हे मागून सगळेच बोलले, आणि वाल्मीकला स्वतःला त्या वेळी तसं वाटत होतं. पोरगी उठायला बघायची, गुडघ्यापर्यंत यायची, कंबरेपर्यंत यायची आणि चौथ्या सुरावर पुन्हा खाली. नीलमची व्हायोलिन तिच्या भोवती फिरायची. पण सभागृह गप्प होतं. एक टाळी नाही, एक 'वा' नाही. वाल्मीकनं चाळीस वर्षांत एवढी गप्प बैठक पाहिली नव्हती. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत एक जण हळूच म्हणाला, "संपलं का?" आणि दोन माणसं उठून चहाला म्हणून बाहेर गेली. दाराचा पडदा हलला, बाहेरचा उजेड आत आला आणि गेला.

बैठक गार पडली. पोरीचा कार्यक्रम थंड चालला. पोरीनं सहा वर्षं पुण्यात घाम गाळला, आणि गावचीच माणसं उठून चालली. हे त्याला जे वाटलं ते खोटं नव्हतं, त्यात फक्त माया होती. माणसं गप्प होती ती कंटाळून नाही, श्वास धरून होती, हे त्याला कळायला पाहिजे होतं. झुंबरबाई किटली घेऊन उभी राहिली होती ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण हाताला चाळीस वर्षांची खोड. शेवटची तीन मिनिटं सुरू झाली, अर्पिता एका पायावर भार घेऊन वर यायला लागली, आणि वाल्मीकनं लय चढवली.

थोडीच. त्याच्या रिवाजाप्रमाणे, कुणाला कळू नये अशी. पण लिंबाजीच्या अंगाला ती कळली. त्याचा हात मांडीवर पडायला लागला. मग टाळी. मग दुसरी रांग आख्खी टाळ्यांत आली, मग तिसरी, आणि बघता बघता सभागृह टाळ्यांनी भरलं. "वा अण्णा! वा पेटी!" लिंबाजी ओरडला. अख्ख्या हयातीत पहिल्यांदा.

तेव्हा अर्पितानं त्याच्याकडं पाहिलं. हात पसरलेले, एक पाय हवेत, चवडा थरथरत होता, आणि मान न वळवता नुसते डोळे तिनं इकडं आणले. वाल्मीकला ती नजर लख्ख दिसली. ती काय सांगत होती हेही कळलं. अजून वेळ होता. दोन फेऱ्यांत त्यानं लय पुन्हा खाली आणली असती, तेवढा हात त्याच्याकडं होता. आणि त्यानं ती आणली नाही. टाळ्या अंगात भिनल्या होत्या. उलट आणखी चढवली, आणि ही दुसरी खेप पोरीसाठी नव्हती.

नीलमला मागं लागून पळावं लागलं. अर्पिताला जे तीन मिनिटांत करायचं होतं ते निम्म्यात करावं लागलं. पाय टेकला, तोल गेला, एक हात जमिनीला लागला. क्षणभरच. मग ती दोन्ही पायांवर उभी राहिली, साधी, आपण रोज राहतो तशी, आणि नाच संपला. लोकांना वाटलं तोच शेवट. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मंडळातल्या कुणीतरी हार आणला होता अर्पितासाठी, तो लिंबाजीनं मंचावर चढून वाल्मीकच्या गळ्यात घातला. वाल्मीक हसला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

बंगळूरच्या बाई मागं येऊन भेटल्या. वाल्मीकचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आपके पहले नौ मिनट मैं हमेशा याद रखूँगी." वाल्मीकनं वाकून नमस्कार केला. जीपमध्ये त्यानं हे वाक्य तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा झुंबरबाईनं विचारलं, "आन नाच किती मिनिटाचा व्हता?"

जीपमधलं बोलणं तिथंच थांबलं असं काही झालं नाही. लिंबाजी भजनाच्या गप्पा करतच राहिला. थांबला तो एकटा वाल्मीक. गळ्यातला हार त्यानं पेडगाव येईपर्यंत काढला नाही, कारण काढला असता तर कामून काढला म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

घरी आल्यावर झुंबरबाई दाराची कडी लावून त्याच्यासमोर उभी राहिली. "पोरगी समद्यांला सांगायलीय, फरशी निसरडी व्हती, पाय घसरला म्हून. पाय न्हाई घसरला. तुमचा हात सुटला. मला गानं कळत न्हाई, पन सहा आठवडे म्या तेच ऐकलंय."

"टाळ्या पडल्या ना. मानूस वाहून जातं," वाल्मीक म्हणाला.

"टाळ्या मागून पडल्या. तुमी आधी पळाले." मग ती जरा मऊ झाली. "त्या बाईला फोन लावा. नीलमकडं नंबर हाय. सांगा, चूक माजी हाय, पोरीची न्हाई. अजून निकाल लागायला आठ दिस हायत."

आठ दिवस. वाल्मीकनं नीलमकडून नंबर घेतला, काय कारण तेही न सांगता. पहिल्या दिवशी हिंदी वाक्य जुळवलं. दुसऱ्या दिवशी मंडळानं त्याचा सत्कार ठेवला, सप्ताहात नव्हे, खास, मारुतीच्या देवळात. तिथं सरपंचानं सांगितलं की पेडगावच्या पेटीनं परभणी हलवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या मंडळाचं बोलावणं आलं, पेटीवाल्यालाच घेऊन या म्हणून. चौथ्या दिवशी त्यानं रानात जाऊन नंबर लावला. पलीकडं घंटी वाजली, आणि बाई 'हॅलो' म्हणायच्या आत त्यानं फोन बंद केला. असं वाटलं, काय सांगायचं? मी लय चढवली? बरं, चढवली, मग? आणि खरं तर असंही वाटलं की एकदा हे सांगितलं की देवळातला सत्कार खोटा ठरतो. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होतो, केस पिकतात, पण मन किती कोतं राहतं बघा. पाचवा, सहावा, सातवा दिवस असेच गेले. झुंबरबाईनं रोज विचारलं, आणि मग विचारायचं सोडून दिलं.

निकाल आला. दोघांत अर्पिताचं नाव नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की पहिला भाग असामान्य आहे, पण अखेरच्या भागात नर्तिकेचा स्वतःच्या तोलावर ताबा राहिला नाही. राजेश्रीनं फोनवर वाचून दाखवलं, रडली, आणि म्हणाली, "दादा, तुमी तर जीव वतला. पोरीच्या नशिबातच न्हाई." वाल्मीक "हं" म्हणाला.

श्रावण आला आणि गेला. अर्पितानं परभणीत एक खोली भाड्यानं घेऊन नाचाचा वर्ग काढला. शाळांच्या स्नेहसंमेलनात लेकरं नाचतात ना सिनेमाच्या गाण्यांवर, ते बसवून द्यायचं. चांगला चालला वर्ग. नीलम पुण्यालाच राहिली.

वाल्मीकचं मात्र काहीतरी बिघडलं. भजनात लिंबाजी मान उडवून खुणावायचा, चढव, चढव, आणि याचा हात जागचा हलायचा नाही. लागोपाठ तीन एकादश्या भजन थंड गेलं. शेवटी मंडळातच त्यानं तोंड उघडलं. सगळे पानसुपारी करत होते. तो म्हणाला, "त्या दिवशी परभनीला पोरीचा पाय न्हाई घसरला. म्या लय चढवली म्हनून ती पडली. तिचं वाटोळं म्या केलं."

लिंबाजी हसला, मनापासून, काही वाईट मनात नसताना. "अण्णा, येड लागलं का तुमाला? चढवली म्हनून तर रंगलं! न्हाईतर काय व्हतं त्यात? त्या बंगळूरवाल्यांलाच कळत न्हाई, त्याला तुमी काय करनार?" बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं वाल्मीकपुढं पान केलं. ज्यांच्यापुढं कबुली द्यायची त्यांना तो गुन्हाच वाटत नव्हता. वाल्मीकनं पान घेतलं आणि नुसतं हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं तो परभणीला गेला. वर्ग सुटला होता, लेकरं आयांच्या गाड्यांवर बसून घरी चालली होती. अर्पिता खोली झाडत होती. तिनं खुर्ची पुसून दिली, खालच्या टपरीवरून चहा मागवला, मामीची, म्हशीची चौकशी केली. वाल्मीकनं चहा संपेपर्यंत दम धरला.

"अर्पे, त्या दिवशी म्या लय चढवली. पैल्यांदा चढवली ती तुझ्यासाठी. लोक उटायलते, मला वाटलं थंड चाललं. पन दुसऱ्यांदा..." त्यानं रिकामा कप हातात फिरवला. "तू बघितलं माझ्याकडं. मला दिसलं. तरीबी म्या खाली आनली न्हाई."

"मला माहीत हाय, मामा."

"त्या बाईचा नंबर व्हता माझ्याकडं. आठ दिस. लावला न्हाई."

हे तिला माहीत नव्हतं. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली आणि थोडा वेळ खिडकीतून खाली बघत राहिली. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो किक मारत होता. वाल्मीकला वाटलं आता ती बोलेल, ओरडेल. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मंग तू तरी कामून गप ऱ्हायलीस?" शेवटी त्यानंच विचारलं. "तवाच सांगायचं व्हतं समद्यांपुढं. त्या बाईला सांगायचं व्हतं. तुझं समदं आयुष्य व्हतं त्यात."

"सांगनारच व्हते मामा. पट्ट्यासुद्धा सोडल्या न्हाईत पायाच्या, तशीच बाहेर आले सांगायला." ती त्याच्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तर तुमच्या गळ्यात हार व्हता आन तुमी हसायलते. मी जन्मल्यापासून तुमाला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, दोघांतल्या एकाचं तरी व्हऊ द्यावं."

वाल्मीकनं चहाचा रिकामा कप खाली ठेवला. तो सरळ राहिला नाही, आडवा झाला आणि फरशीवर गडगडत गेला. अर्पितानं तो उचलला. मामा रडत होता, आणि तिनं त्याला रडू दिलं.